बाजारहाट आणि जंतू: पिशवी, पालेभाजी, मटकी, दूध, चिकन यांचं नेमकं काय करायचं? (नाशिक)

गोदाकाठ

२०२० मध्ये आपण बिस्किटांचे पुडे साबणाने धुतले, तेलाच्या पिशव्या दोन-दोन दिवस बाल्कनीत ठेवल्या. काही घरांत ते अजून चालू आहे, आणि त्याच घरांत कोथिंबिरीची जुडी नळाखाली एकदा धरून थेट चटणीच्या भांड्यात जाते. मेहनत चुकीच्या जागी खर्च होतेय, म्हणून हा धागा.

पाकिटांची भीती कुठून आली ते आधी. मार्च २०२० मध्ये प्रयोगशाळेतल्या चाचणीत करोनाचा विषाणू प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत आणि पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत तग धरून असलेला दिसला. पण विषाणू पृष्ठभागावर सापडणं वेगळं आणि त्यातून माणसाला लागण होणं वेगळं. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने सांगितलं, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने लागण होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. तो आजार पसरतो श्वासावाटे. गर्दीच्या बंद दुकानात खोकणारी माणसं असतील तर मास्क लावा, गर्दीची वेळ टाळा. पुडे धुण्याची गरज नाही.

पोटाच्या आजारांचं गणित निराळं आहे. टायफॉइड, कावीळ अ, नोरोव्हायरस, साल्मोनेला, ई-कोलाय हे सगळे हात, पाणी, पालेभाजी आणि कच्चं मांस या वाटेने येतात. नोरोव्हायरसचे शंभराच्या आतले कणसुद्धा आजारी पाडायला पुरतात. म्हणून माझा क्रम असा: सगळ्यात जास्त काळजी जे कच्चं खाणार त्याची, मग कच्च्या मांसाच्या पाण्याची, मग दूध-पनीर किती वेळ गरम राहिलं त्याची, मग हातांची आणि पिशवीची. किराण्याची पाकिटं अगदी शेवटी.

एक गोष्ट धागाभर लक्षात ठेवूया. धुणं म्हणजे निर्जंतुक करणं नव्हे. चांगल्या धुण्याने पानावरचे जंतू शंभरातले नव्वद ते नव्व्याण्णव जातात, उरलेले राहतात. त्यांचा निकाल शिजवण्यानेच लागतो.

सिडकोकर

चांगला विषय. माझे तीन प्रश्न. एक, पालेभाजी मिठाच्या पाण्यात ठेवली की जंतू मरतात का? दोन, खायचा सोडा आणि व्हिनेगर यांचं काय? तीन, आरओचं पाणी वापरावं की नळाचं?

गोदाकाठ

मीठ: अळ्या, मावा, गोगलगायीची पिल्लं सुटून वर येतात, त्यासाठी उपयोगी. लिटरला २ चमचे मीठ, १० मिनिटं. जंतू त्याने मरत नाहीत.

सोडा: हा औषधफवारणीचा अंश काढण्यासाठी. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने सफरचंदांवर तपासलं होतं. लिटरला १० ग्रॅम खायचा सोडा आणि १२ ते १५ मिनिटं, एवढ्यात सालीवरच्या दोन कीटकनाशक-बुरशीनाशकांचा अंश निघाला. सालीच्या आत मुरलेला राहिला. हे जंतूंचं काम नव्हे. लोक औषध आणि जंतू यांची गल्लत करतात आणि एकाच्या उपायाने दुसऱ्याबाबत निश्चिंत होतात.

व्हिनेगर: घरात घालतो त्या पातळ प्रमाणात जंतू थोडे कमी होतात, पण भरवसा ठेवावा इतके नाही. शिवाय कोथिंबीर काळी पडते.

आरओ: इथे बऱ्याच जणांची समजूत उलटी असते. महापालिकेच्या नळाच्या पाण्यात थोडं क्लोरीन उरलेलं असतं, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम. आरओमध्ये ते निघून जातं. म्हणजे धुण्याच्या कामात आरओचं पाणी नळाच्या ताज्या पाण्याहून सरस नाही, आणि त्यात अर्ध्याहून जास्त पाणी मोरीत जातं ते वेगळंच. नळाचंच वापरा. मात्र गच्चीवरच्या टाकीत पाणी दोन-तीन दिवस उन्हात पडून असेल तर क्लोरीन उडून गेलेलं असतं, आणि टाकीच्या तळाशी गाळ असेल तर भाजी त्यात धुण्याला अर्थ उरत नाही. शक्यतो सकाळी थेट लाइनीच्या नळावर धुवा.

पालेभाजी_पंचवटी

विकणाऱ्यांच्या बाजूने थोडं सांगतो, कारण घेताना नजर कुठे ठेवायची ते ठाऊक असलं तर निम्मं काम तिथेच होतं.

जुडी चकचकीत आणि ओली दिसली की गिऱ्हाईक तिकडे वळतं. पण तो ओलावा कुठल्या पाण्याचा, हे कोणी विचारत नाही. पालेभाजीवर दर अर्ध्या तासाने पाणी शिंपडावं लागतं, नाहीतर वैशाखात मेथी दोन तासांत मान टाकते. शिंपडायचं पाणी बादलीत सकाळपासून तेच असेल, त्यात हात, फडकं, मापाचा डबा सगळं बुडत असेल, तर ती बादलीच प्रत्येक जुडीला जंतू वाटत बसते. गाजर, मुळा, पालक काही जण शेताजवळच्या नाल्यावर किंवा चारीत धुऊन आणतात. त्या पाण्यात वर सांडपाणी मिसळत असेल तर धुतलेल्या गाजरापेक्षा मातीने बरबटलेलं गाजर बरं. माती दिसते, ती धुता येते. नाल्याचं पाणी वाळलं की दिसत नाही.

म्हणून घेताना:

जुडीचा बांधलेला भाग उघडून बघा. रबराखाली किंवा सुतळीखाली देठ बुळबुळीत झाले असतील तर सोडून द्या. कुज तिथून सुरू होते आणि बाकीची जुडी वरून हिरवी दिसत राहते. मुळं आणि माती असलेली कोरडी जुडी घ्या. माल जमिनीपासून उचलून क्रेटवर किंवा पाटीवर असेल तिथून घ्या. गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजारात बरेच जण गोणपाटावर माल लावतात. पावसाळ्यात गोणपाटाखालून पाणी वाहत असेल तर खालच्या थरातली जुडी घेऊ नका, वरची मागा. विक्रेता देतो, त्यात राग येण्यासारखं काही नाही.

आणि विकणारे कोणी वाचत असतील तर: शिंपडायला झाकणाला भोकं पाडलेली बाटली वापरा. बादलीत हात बुडत नाही, पाणीही कमी लागतं. पिण्याच्या नळावर भरा, दुपारी बदला. एवढ्यानेच फार फरक पडतो.

रोळी_आणि_परात

@पालेभाजी_पंचवटी दादा, बाटलीचं फार उपयोगाचं सांगितलंत.

घरी आल्यावर पालेभाजी धुण्याची पद्धत लिहिते. यात एक चूक जवळजवळ प्रत्येक स्वयंपाकघरात होते.

आधी रबर सोडा, मुळांकडचे दोन बोटं देठ कापून टाका, पिवळी आणि सडकी पानं निवडा. चिरायचं नाही. चिरलेल्या कडांतून जंतू पानाच्या आत शिरतात आणि मग धुऊन निघत नाहीत, जीवनसत्त्वही वाहून जातं. मोठ्या पातेल्यात किंवा टबात भरपूर पाणी घ्या, पानं मोकळी तरंगली पाहिजेत. हाताने हलवा, दोन मिनिटं थांबा, माती खाली बसते. आता पानं हाताने वर उचलून रोळीत काढा. इथेच चूक होते. बहुतेक जण पातेलं तसंच चाळणीत उपडं करतात, आणि तळाची सगळी माती परत पानांवर ओतली जाते. पानं उचला, पाणी फेका, पातेल्याचा तळ बोटाने पुसा, पुन्हा पाणी. तळाशी कचकच लागेनाशी होईपर्यंत. साधारण तीन पाणी, पावसाळ्यात पालकाला पाच.

शिजवणार असाल तर इथे थांबा. पातळ भाजी उकळली की काम झालं.

कच्ची खायची असेल, म्हणजे चटणीची कोथिंबीर-पुदिना, कोशिंबिरीचा पाला, मिसळीवर भुरभुरायची कोथिंबीर, तर गोदाकाठ यांनी क्लोरीनचं प्रमाण लिहावं.

गोदाकाठ

लिहितो. ५० पीपीएम, म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०२० मध्ये भाज्या-फळांसाठी घरगुती सूचना दिल्या त्यातही हेच प्रमाण होतं, आणि साबण किंवा जंतुनाशक वाइप्स खाण्याच्या वस्तूंना लावू नका हेही होतं.

सुगंध किंवा रंग न घातलेलं सोडियम हायपोक्लोराइट (साधं ब्लीच) घ्या. लेबलवर टक्केवारी असते. ५ टक्क्यांचं असेल तर १ लिटर पाण्याला १ मिली. ५ लिटरच्या टबाला ५ मिली, म्हणजे एक चहाचा चमचा. ४ टक्क्यांचं असेल तर लिटरला सव्वा मिली. मेडिकलमधून ५ मिलीची सिरिंज आणली की अंदाजाचा प्रश्न उरत नाही. बुचाने मोजू नका, प्रत्येक बाटलीचं बूच वेगळ्या मापाचं असतं. पाच मिनिटं बुडवा, मग पिण्याच्या पाण्याने नीट खळबळून घ्या.

काय चुकतं ते जास्त महत्त्वाचं:

आधी माती काढली नाही तर क्लोरीन मातीवरच खर्च होतं आणि पानापर्यंत पोचत नाही. वरची तीन पाणी आधी, क्लोरीन शेवटी.

बाटली जुनी झाली की ताकद उतरते. आपल्या उन्हाळ्यात तर लवकरच. गडद बाटली, थंड आणि अंधारी जागा, वर उघडल्याची तारीख लिहा, सहा महिन्यांनी ती फरशीच्या कामाला घ्या.

त्यात लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका. क्लोरीनचा विषारी वायू निघतो. घरात आधी व्हिनेगरचं पाणी केलेलं भांडं असेल तर ते धुऊन मग वापरा.

सुगंधी किंवा फेसाळणारं ब्लीच भाजीला चालत नाही. त्यातली बाकीची रसायनं खाण्याची नसतात. ॲल्युमिनियमचं भांडंही नको, प्लास्टिकचा टब घ्या.

पोटॅशियम परमँगनेट अजून वापरणारे असतील. प्रमाण डोळ्याने रंग बघून ठरतं, ते कधी कमी पडतं कधी जास्त. मला ते पटत नाही.

परिचारिका_नाशिकरोड

यात एक फार मोठी मर्यादा आहे, ती ठळक लिहायला हवी. क्लोरीनने जिवाणू आणि बरेच विषाणू मरतात. कृमींची अंडी मरत नाहीत. जंताची अंडी आणि फीतकृमीची अंडी ५० पीपीएमला दाद देत नाहीत. जुलाब लावणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवीही नाही.

आपल्याकडे "कोबीतला किडा मेंदूत जातो" असं म्हणतात. तो कोबीचा किडा नसतो. कोबीत दिसणारी हिरवी अळी माणसाच्या मेंदूत जात नाही. मेंदूत जातो तो डुकराच्या फीतकृमीचा डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेलं पिल्लू. फीतकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, सांडपाण्यातून शेतात येतात, कोबीच्या पानांच्या घड्यांत अडकतात, आणि कच्च्या पानासोबत पोटात जातात. त्याने फिट्स येतात. आपल्या देशात प्रौढ वयात नव्याने सुरू होणाऱ्या फिट्सचं हे एक ठळक कारण आहे. शाकाहारी माणसालाही हा आजार होतो तो याच वाटेने.

म्हणून कोबी: बाहेरची तीन-चार पानं टाकून द्या, उभा चिरून पानं एकेक सुटी करा, वाहत्या पाण्याखाली बोटाने चोळून धुवा. अंडी चिकट असतात, भिजवून सुटत नाहीत, चोळून सुटतात. आणि शक्य तर शिजवूनच खा. दोन मिनिटं उकळत्या पाण्यात काढलेल्या कोबीची कोशिंबीर चवीला वाईट लागत नाही. हातगाडीवर वर टाकून देतात तो कच्चा कोबी टाळा, असंच मी सांगेन.

सिडकोकर

हे माहीत नव्हतं. कोबीचा अर्थच बदलला. मग गाजर, काकडी, टोमॅटो?

परिचारिका_नाशिकरोड

गाजर, मुळा, बीट: भाजीचा वेगळा ब्रश ठेवा, वाहत्या पाण्याखाली घासा, मग सोला. आधी सोललं तर सोलाण्याची पात सालीवरची माती आत ओढत नेते. सोलल्यावर पुन्हा एकदा पाणी. काकडीलाही हेच.

टोमॅटोची एक खुबी आहे. फ्रिजमधल्या थंड पाण्यात गरम टोमॅटो टाकू नका. फळ आतून आकसतं आणि देठाच्या खड्ड्यातून बाहेरचं पाणी जंतूंसकट आत ओढलं जातं. पाणी फळापेक्षा किंचित कोमट, साधारण ५ अंशांनी जास्त असावं. आंब्याचंही तसंच. उन्हातून आलेला आंबा थेट बर्फाच्या पाण्यात नको.

द्राक्षमळा

द्राक्षांबद्दल लिहितो, कारण आपल्याकडे हंगामात दर घरात पेटी येते आणि त्याबद्दल गैरसमजही तितकेच.

मण्यांवरचा पांढुरका, सारखा पसरलेला, बोटाने पुसला जाणारा थर ही फळाची स्वतःची मेणचट लव असते. आम्ही तिला चकाकी म्हणतो. ती असली म्हणजे माल ताजा आणि कमी हाताळलेला. औषधाचा डाग वेगळा दिसतो, वाळलेल्या थेंबाच्या आकाराचा, कडेला गडद, आणि घडाच्या खालच्या टोकाला जास्त.

पेटी आली की सगळी धुऊन ठेवायची नाही. लव जाते, देठाशी ओल राहते आणि दोन दिवसांत बुरशी. घड कात्रीने लहान झुपक्यांत कापा. मणी ओढून तोडला की देठाजवळ भोक पडतं, रस येतो, जंतू तिथूनच आत. फुटलेले मणी लगेच काढून टाका, एक फुटका मणी शेजारचे दहा घेऊन जातो. खायच्या वेळी झुपका देठाला धरून टबात पाच-सहा वेळा बुडवा, मग वाहतं पाणी. हवा तर सोड्याचा टब आधी, फवारणीसाठी.

मटकीमोड

नाशिकच्या धाग्यात मटकी अजून आली नाही?

मोड आलेलं कडधान्य हा बाजारातला सगळ्यात जोखमीचा माल आहे आणि त्याकडे कोणी तसं बघत नाही. मोड येण्यासाठी जे लागतं, ऊब, ओल आणि १२ ते २४ तास, तेच जंतूंना वाढायला लागतं. ई-कोलायला ऐन ऊब मिळाली की साधारण वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. दाण्याच्या चिरेत चार जंतू असले तरी सकाळपर्यंत किती होतील याचा हिशेब करा. आणि ते मोडाच्या आत असतात, धुऊन निघत नाहीत.

२०११ मध्ये जर्मनीत ई-कोलायची मोठी साथ आली. जवळपास चार हजार लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले. आधी काकडीवर संशय गेला, शेवटी निघाले मेथीचे मोड, कच्चे खाल्लेले. बी इजिप्तमधून आलं होतं.

आपल्या मिसळीची मटकी शिजते, उकळत्या कटात पडते, म्हणून मिसळ या बाबतीत निर्धोक आहे. धोका "हेल्दी" म्हणून कच्चे मोड वाटीभर खाण्यात आहे. तिथे नियम एकच, निदान पाच मिनिटं खळखळ उकळा किंवा कुकरला एक शिट्टी द्या. नुसतं वाफेवर कोमट करून चालत नाही.

विकत घेताना: झाकलेली, थंड कपाटातली घ्या. दुपारी चार वाजता उघड्या टोपल्यातली नको. मोड बोटभर लांब, टोक तपकिरी, हाताला बुळबुळ, आंबूस वास यातलं काहीही असेल तर सोडा. घरी करणार असाल तर फडकं दर वेळी उकळा. तेच फडकं नुसतं पिळून पुन्हा वापरलं की मागच्या खेपेचे जंतू पुढच्या मटकीला विरजणासारखे लागतात. मोड आले की फ्रिजमध्ये, दोन दिवसांत संपवा.

शीतसाखळी

आता थंड मालाचं. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जंतूंचा पट्टा. त्यात दूध, पनीर, मांस, मासे एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू नयेत, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. नाशिकला एप्रिल-मेमध्ये पारा ४० ला टेकतो, म्हणजे एकच तास धरायचा. हा तास दुकानातून निघाल्यापासून मोजायचा, आणि वाटेत रविवार कारंजाला अडकलात तर तोही त्यातच.

खरेदीचा क्रम म्हणून उलटा हवा. आधी किराणा, मग फळं-भाजी, सगळ्यात शेवटी दूध-पनीर-चिकन आणि तिथून सरळ घर.

स्कूटरची डिक्की हा दुधाचा शत्रू आहे. सीटखाली इंजिनाची आणि उन्हाची उष्णता साठते, अर्ध्या तासात आतलं तापमान बाहेरच्याहून बरंच वर जातं. पनीर, मासळी, चिकन डिक्कीत ठेवू नका. पायाशी थर्मल पिशवी, आत गोठवलेली पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली. खर्च काही नाही.

पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असतं, ७२ अंशांवर १५ सेकंद. म्हणजे रोगजंतू मेलेले, पण सगळे जंतू नाहीत, म्हणून ते थंडच राहावं लागतं. पहाटे क्रेट दुकानाबाहेर उतरतात. सात वाजता पिशवीला हात लावा, गार लागली पाहिजे. कोमट असेल तर कालच्या तारखेपेक्षाही ती वाईट. पिशवीची बाहेरची बाजू मात्र खरोखर घाण असते. क्रेट जमिनीवर घासतात, फुटलेल्या पिशवीचं दूध बाकीच्यांवर सांडतं. एक पाकीट धुवायचंच असेल तर ते हे, कारण आपण त्याचा कोपरा कापतो आणि दूध त्याच कडेवरून पातेल्यात पडतं. सुटं दूध असेल तर उकळी फुटून वर आल्यावर मंद आचेवर ढवळत दोन-तीन मिनिटं.

सुटं पनीर पाण्याच्या टबात बुडवून ठेवलेलं असतं. ते पाणी गढूळ असेल तर घेऊ नका. सीलबंद घ्या, पाकीट फुगलेलं नको, १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक बघा.

परिचारिका_नाशिकरोड

शीतसाखळी यांच्या पनीरला जोडून: गर्भवती, सत्तरीपुढचे आणि केमोथेरपी चालू असलेल्यांनी सुटं पनीर, सुटा खवा, कच्चं दूध पूर्ण टाळावं. लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रिजमध्ये ४ अंशांवरही वाढत राहतो. निरोगी माणसाला किरकोळ ताप, गर्भाला जीवघेणा. शिजवलेलं चालतं.

सिडकोकर

चिकन. घरी आणलं की तीन-चार पाण्याने धुतो, हळद लावतो. बरोबर ना?

गोदाकाठ

नाही, आणि हे सगळ्यांना पटवणं अवघड जातं कारण धुणं म्हणजे स्वच्छता असं मनात पक्कं असतं. नळाखाली चिकन धरलं की थेंब उडतात, ओट्यावर, बाजूच्या धुतलेल्या ताटांवर, कोशिंबिरीवर. कच्च्या कोंबडीवर कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला असणं ही नेहमीची गोष्ट आहे. धुतल्याने ते कमी होत नाहीत, पसरतात. शिजताना मरतात. हळदीने रंग येतो, त्या प्रमाणात जंतू मरत नाहीत.

पिसं, रक्त काढायचंच असेल तर पातेल्यात आधी पाणी भरा, नळ बंद करा, तुकडे हळूच बुडवून काढा, पाणी सावकाश मोरीत ओता. मग मोरी, नळाची चावी, ओटा साबणाने. साबण झाल्यावर २०० पीपीएमचं पाणी, म्हणजे ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट लिटरला ४ मिली, दोन मिनिटं, मग कोरडं. साबण आधी, क्लोरीन नंतर. चरबीवर क्लोरीन चालत नाही.

शिजलं का? जाड तुकड्याच्या मध्यात, हाडाजवळ ७५ अंश. तापमापी नसेल तर हाडाजवळ चिरून बघा, रस पाण्यासारखा, मांस गुलाबी नको. रंगावर पूर्ण भरवसा नाही, शंका असेल तर पाच मिनिटं आणखी. फ्रिजमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. वर ठेवलं आणि पाणी गळलं तर खालच्या कोथिंबिरीवर गळतं.

दुकानात डबा घेऊन जा. पातळ पिशवी गळते, आणि ती भाजीच्या पिशवीत बसली की इथपर्यंत जे काही धुतलं-उकळलं ते वाया गेलं.

शीतसाखळी

मासळीत एक भर. बांगडा, कुपा यांसारखे गडद मांसाचे मासे बर्फाविना राहिले की त्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल, डोकेदुखी, पित्त उठल्यासारखं. लोक "मासा सोसला नाही" म्हणतात. नाशिकला समुद्र नाही, माल रस्त्याने येतो, म्हणून बर्फात पूर्ण बुडालेलाच घ्या, बर्फावर नुसता मांडलेला नको.

रोळी_आणि_परात

अंडी? आणल्या आणल्या धुवून ट्रेमध्ये लावायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे.

गोदाकाठ

आणल्यावर धुऊ नका ताई. कवचावर नैसर्गिक पातळ आवरण असतं, ते गेलं की कवचाची छिद्रं उघडी पडतात आणि ओल्या कवचातून जंतू आत शिरतात. विष्ठा लागलेलं, तडकलेलं दुकानातच बाजूला काढा. बाकीची तशीच फ्रिजमध्ये, फोडायच्या आधी धुवा. पुठ्ठ्याचे ट्रे पुन्हा पुन्हा फिरतात, ओट्यावर ठेवू नका. पाण्यात तरंगण्याची चाचणी फक्त वय सांगते, साल्मोनेला सांगत नाही. अंडं फोडल्यावर हात धुवायचा, हे मात्र क्वचितच कोणी करतं.

सिडकोकर

शेवटचं, कापडी पिशव्या. महाराष्ट्रात २०१८ च्या जूनपासून प्लास्टिकबंदी झाली तेव्हापासून त्याच वापरतो. त्या धुवायच्या?

पालेभाजी_पंचवटी

धुवायच्याच. बाजारात ज्या पिशव्या समोर उघडल्या जातात त्यांच्या तळाशी मागच्या आठवड्याच्या मेथीची पानं चिकटलेली दिसतात.

गोदाकाठ

अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत गिऱ्हाइकांच्या वापरातल्या पिशव्या तपासल्या. निम्म्यांत कोलिफॉर्म (अस्वच्छतेची खूण मानले जाणारे) जिवाणू, ८ टक्क्यांत ई-कोलाय. मांसाचं पाणी लागलेल्या पिशव्या गाडीच्या डिक्कीत दोन तास ठेवल्या तर जंतू दहापट. आणि धुतल्यावर ९९.९ टक्क्यांहून जास्त गेले. हाताने धुतल्या तरीही.

तीन पिशव्या, तीन रंग. एक मांस-मासळी-अंडी, एक फळं-भाजी, एक किराणा. रंग ठरलेले असले की घरात कोणीही बाजारात गेलं तरी अदलाबदल होत नाही. मांसाची प्रत्येक खेपेनंतर गरम पाणी आणि साबणाने, भाजीची आठवड्याला, किराण्याची महिन्याला. उलट्या करून शिवणीतला कचरा झाडा, उन्हात पूर्ण वाळवा. ओलसर पिशवी घडी करून डिक्कीत ठेवली की धुतल्याचा उपयोग नाही. चकचकीत अस्तराच्या पिशव्या पुसायला सोप्या, पण शिवणी उसवल्या की टाका.

परिचारिका_नाशिकरोड

हातांचं राहिलं. बाजारातून आल्यावर आधी हात, मग पिशवी उघडायची, सगळं जागेवर लावून झालं की पुन्हा हात. साबण, २० सेकंद, अंगठा आणि नखं विसरायची नाहीत. सॅनिटायझर बाजारात ठीक, ६० टक्क्यांहून जास्त अल्कोहोलचं, पण मातीने किंवा मांसाने माखलेल्या हातावर ते चालत नाही आणि नोरोव्हायरसवर कमीच चालतं. म्हणून रस्त्यात उभं राहून न धुतलेलं पेरू-बोर खाण्याआधी सॅनिटायझर चोळला की झालं, असं समजू नका.

कापून ठेवलेलं कलिंगड, पपई, अननस घेऊ नका. सुरी सालीवरून आत जाते आणि सालीवरचं सगळं गरात नेते, वर तो गर दोन-तीन तास उन्हात. अख्खं आणा, साल ब्रशने धुवा, पुसा, मग कापा.

सिडकोकर

आणि फोन? भाजी निवडता निवडता क्यूआर कोड स्कॅन करतो, तोच फोन ओट्यावर रेसिपीसाठी.

परिचारिका_नाशिकरोड

बरोबर पकडलंत. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कापडावर घ्या, फोनवर थेट ओतायचं नाही. फोन बंद करून काच, कडा आणि मागची बाजू पुसा, कव्हर काढून साबणाने धुवा. चार्जिंगच्या भोकात ओल जाऊ देऊ नका. हात धुण्याच्या आधी हे करा, नाहीतर धुतलेले हात लगेच परत त्याच फोनला लागतात. आणि चिकन कापताना फोनला हात लावायचाच नाही, रेसिपी आधी वाचून घ्या.